निळ्याचा माग

क्लाइनवासर फार्म, ओत्जिवारोंगो
३ मे २००४

एफ्राइम,

तुझं पत्र शुक्रवारी डाकेच्या पिशवीतून आलं. वर 'प्रिय आउसी' लिहिलंयस. नाताळची कार्डं सोडली तर आपल्याला एक मोठी बहीण आहे हे सहा वर्षांनी आठवलं म्हणायचं. दोन पानांचं पत्र, त्यात माझ्या तब्येतीची चौकशी चार ओळी आणि बाकी सगळं त्या बैलाएवढ्या ईलँड हरणांबद्दल. म्हणजे तब्येत कोणाची महत्त्वाची ते कळलं.

फोन का केला नाहीस ते मला माहीत आहे. फोन फ्राउ गुद्रूनच्या स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेला, आणि परवानाधारक शिकारी वाटाड्याने स्वयंपाकीणबाईला जनावर कुठंय ते विचारायचं, तेही मालकिणीच्या देखत! कागदावर विचारलं की लाज वाचते. असू दे.

तू विचारलंस ते सांगते, कारण फ्राउ गुद्रूननेही सांगायला सांगितलंय. पाऊस यंदा मार्चातच आटपला. दक्षिणेकडची डबकी जूनअखेर कोरडी पडतील, मग सगळी जनावरं दोनच पाणवठ्यांवर येणार, उत्तरेचा हौद आणि लाल वारुळाजवळचा हौद. जुलैत सकाळचा वारा पूर्वेकडून येतो आणि दहाच्या सुमाराला फिरतो. तुझा पाहुणा न्याहारीला वेळ लावणारा असेल तर त्याला आधीच सांग. ईलँडचे तीन कळप आहेत, सगळे माद्यापोरांचे. मोठे नर एकेकटे फिरतात, त्यांचं बघून सांगेन.

तू येणार हे फ्राउ गुद्रूनने मला स्वतः येऊन सांगितलं. म्हणाली, "तुझा भाऊ येतोय, हेर गारिसेब म्हणून. किती छान, नाही आलेटा?" म्हणजे तू आता गारिसेबसाहेब. मी हो म्हटलं, आणि त्या दिवशी बटाटे इतके जाड सोलले की सालींवर डुकरांची चंगळ झाली.

आता मनात आहे ते लिहूनच टाकते. दोन वर्षांपूर्वी फ्राउ गुद्रूनने शिकारीचं एक मासिक मला आणून दाखवलं होतं. त्यात तुझा हॅटवाला फोटो होता आणि खाली तुझी मुलाखत. 'मी लहान असताना वडील माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, बघू नकोस, ऐक.' एफ्राइम, तो तळहात माझा होता. बाबा तेव्हा मोठ्या मालकांबरोबर पाहुण्यांच्या मागे हिंडत असायचे. वारुळाच्या आडोशाला तुला मांडीवर घेऊन बसायची मी. मी चौदाची, तू सहाचा. ते वाचलं आणि माझ्या अंगाची आग आग झाली. तुझ्या नाताळच्या कार्डांना उत्तर का आलं नाही, ते आता तुला कळेल.

मला तुझा हेवा वाटतो. परवान्याचा, हॅटचा, आणि त्या फोटोत तू ज्या ऐटीत उभा आहेस त्याचाही.

आलेटा


२४ मे

एफ्राइम,

दुसरं पत्र मिळालं. या वेळी तब्येतीची चौकशी आठ ओळी. प्रगती आहे. मासिकाबद्दल मात्र एक अक्षर नाही.

तर तुझे हेर क्लासेन ब्रेमेनचे दातांचे डॉक्टर आहेत आणि त्यांना छत्तीस इंचांच्या वर शिंगं हवीत. शिंगं काय भिंतीवर कपडे वाळत घालायला हवीत? बाबा असते तर हसून हसून खोकले असते. ईलँडमध्ये मादीची शिंगं नराहून लांब असतात हे त्या डॉक्टरला ठाऊक नसेल, तुला तर ठाऊक आहे ना? म्हातारा नर आयुष्यभर खोडांवर शिंगं घासून घासून आखूड करतो. खरा नर बघायचा तो कपाळावर. काळा केसांचा पुंजका जितका दाट आणि जितका घाणेरड्या वासाचा, तितका नर मोठा. आणि मानेवर. हे डॉक्टरला आत्ताच पत्रातून समजाव, नाहीतर इथे येऊन तो इंचपट्टी काढेल.

तरीही त्याला लांबच हवी असतील, तर उत्तरेच्या हौदाकडे एक एकटं जनावर फिरतंय. मी माग पाहिला. रुंद खूर, जड चाल. झुडपांवरून शिंगंही दिसली, दुरून पण चांगली लांब. तरणा नर असणार. लिहून घे.

इथे तुझी तयारी चालू झालीय. फ्राउ गुद्रूनने पूर्वेची खोली रंगवून घेतली, पलंगावर हरणाचं कातडं टाकलं. सगळा कारभार तिच्या नवऱ्यामागे तीच बघते, पण पडद्यांचा रंग कधी मला विचारत नव्हती, या वेळी विचारला. मग म्हणाली की तू आणि पाहुणा जेवणाच्या मोठ्या टेबलावर बसाल, तिच्यासोबत. मी विचारलं, सूप कोण वाढणार? ती म्हणाली, नेहमीप्रमाणे तूच की.

म्हणजे मी डावीकडून येऊन तुझ्यापुढे वाटी ठेवायची आणि तू आभाराचं 'डांके' म्हणायचं. मी तुला मक्याची लापशी भरवलेली आहे, एफ्राइम, बोटांनी. ते टेबल मी वीस वर्षं पुसतेय आणि त्याच्या एकाही खुर्चीवर बसलेली नाही. मोठ्या मालकांनी परवान्याच्या शिक्षणाला घरातून एकाला पाठवायचं ठरवलं, तेव्हा बाबांना विचारलं, मुलगा माग कसा काढतो? बाबा म्हणाले, चांगला काढतो. मुलीचं कोणी विचारलंच नाही, मग बाबांनी तरी का सांगावं.

आलेटा


१४ जून

एफ्राइम,

थंडी पडली. सकाळी हौदावर पापुद्र्याएवढा बर्फ असतो. डॉक्टरला लोकरीचे मोजे आणायला सांग.

काल जळण आणायचं निमित्त करून येरेमियाच्या गाडीत बसले. तो अजून पंप बघतो, अजून तितकंच बडबडतो. तू येतोयस म्हणून दाढी करायला लागलाय. त्याला लाल वारुळाच्या हौदाशी सोडलं आणि मी एकटीच जनावरांना चाटायला ठेवलेल्या मिठाच्या ढेपेपर्यंत चालत गेले. वारा तोंडावर होता. बसले. आणि ऐकू आलं, टक, टक, टक. दोन सुक्या काड्या एकमेकींवर मारल्यासारखं. पुढच्या पायांच्या सांध्यांचा आवाज, तोही इतका संथ की मी आपोआप डोळे मिटून घेतले.

तोच होता. डाव्या पुढच्या खुराला खाच असलेला. आठवतो? फासाच्या तारेत अडकला होता तेव्हा आपण दोघांनी तार कापली होती आणि चांगला बाप्या असून तू घाबरून झाडावर चढला होतास. बाबा गेले त्या वर्षापर्यंत तो तांबूसच होता. आता मान निळीशार झालीय, राखेत निळीची पूड मिसळावी तशी. मी त्याला निळ्या म्हणते. शिंगं मनगटाएवढी जाड आणि आखूड, कपाळावर तर जनावरापेक्षा पुंजकाच मोठा. मला त्याचा वास येत होता इतका जवळून गेला. सहा वर्षं त्याचा माग ठेवतेय. येरेमियालाही माहीत नाही, फ्राउ गुद्रूनलाही नाही.

हा परिच्छेद मी खोडून टाकणार होते. पण कागद एवढा एकच उरलाय आणि खोडलं तरी तू उजेडापुढे धरून वाचशीलच.

एक विचारायचं आहे. शिकारीच्या दिवशी तुम्ही पायी निघाल, तेव्हा पुढे माग काढायला कोण असेल? मी येऊ शकते. सूप आदल्या दिवशी करून ठेवीन. एवढं एकच मागते, पुन्हा मागणार नाही.

तुझी आउसी


२९ जून

एफ्राइम,

उत्तर मिळालं. नीट समजावून लिहिलंयस, वाटाड्याच्या परीक्षेत गुण मिळाले असते. पाहुण्यांना बाईमाणूस पुढे चालताना पाहायची सवय नाही. त्यांना अवघडल्यासारखं होतं. हे तुझं मत नाही, धंद्याची रीत आहे. तू स्वतःच माग काढशील, येरेमिया पाणी उचलेल. आणि माझ्या हातच्या पावाबद्दल डॉक्टरला तू आधीच सांगून ठेवलंयस.

पाव करीन. दोन प्रकारचे करीन.

मी काय मागितलं होतं? पगार नाही, हॅट नाही, फोटो नाही. चार पावलं पुढे चालायला मागितलं होतं. तुला तेही तुझ्या एकट्यासाठीच हवं. आणि डहाळीसुद्धा. जनावर पडलं की वाटाड्या झाडाची डहाळी मोडणार, एक तुकडा जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून, एक शिकाऱ्याला, आणि शिकाऱ्याने त्यातला तुकडा मोडून माग काढणाऱ्याला द्यायचा, त्याने तो हॅटमध्ये खोचायचा. बाबांच्या हॅटमधल्या वाळक्या डहाळ्या मी लहानपणी मोजायची. आता तुझ्या मोजू.

निळ्याचं विचारलंयस. तो गेला. मागच्या आठवड्यात पश्चिमेचं कुंपण उडी मारून शेजाऱ्यांच्या रानात गेला, मी स्वतः माग पाहिला. एवढं धूड कसं उडतं देव जाणे, पण उडतं, तुला माहीतच आहे. तेव्हा त्याच्या नादी लागू नकोस. उत्तरेच्या हौदावरचा तरणा नरच घे, छत्तीस इंच नक्की भरतील. लाल वारुळाकडे काही नाही, तिकडे जाऊन दिवस फुकट घालवू नकोस.

आलेटा


२१ जुलै

एफ्राइम,

तुम्ही गेलात त्याला सहा दिवस झाले. पूर्वेची खोली झाडली, कातडं उन्हात टाकलं. तू जाताना काही विचारलं नाहीस. गाडीत बसलास, काच खाली केलीस, "येतो आउसी" म्हणालास आणि गेलास. विचारलं असतंस तर मी खोटं बोलून मोकळी झाले असते. विचारलं नाहीस म्हणून आता हे लिहावं लागतंय.

पहिल्या दिवशी तुम्हाला काही मिळालं नाही ते माझ्यामुळे नाही. त्या राखी पक्ष्यांनी ओरडून सगळं रान उठवलं, तसं ते कोणाचंही उठवतात. पण दुसरा दिवस माझा. तू डॉक्टरला घेऊन उत्तरेच्या हौदाकडे गेलास, मी लिहिलं होतं त्या जागी, मी लिहिलं होतं त्या वेळी, आणि तिथे ती उभी होती. ती. तरणा नर नव्हताच, भाकड म्हातारी मादी होती, कळपातून फुटलेली.

हे मी मुद्दाम केलं नाही, एफ्राइम. यावर तुझा विश्वास बसणार नाही. निळ्याबद्दल खोटं लिहिलं ते ठरवून लिहिलं, पण ही मादी माझी चूक. मे महिन्यात तो माग पाहिला तेव्हा मला घाई होती तुला काहीतरी तुकडा टाकून गप्प करायची. खूर लांबट होता. मला तो रुंद हवा होता म्हणून रुंद दिसला. लांब शिंगं मादीची असतात म्हणून त्याच पत्रात मी तुझी थट्टा केली, आणि त्याच पत्रात लांब शिंगांना नर म्हणून मोकळी झाले. आपल्यात पोरंही ही चूक करत नाहीत. जळणाऱ्या माणसाने माग काढू नये, एवढं मी या हंगामात शिकले.

येरेमियाने मला सगळं सांगितलं. बंदूक तिकाटण्यावर टेकलेली, डॉक्टरचं बोट घोड्यावर, आणि तू मध्येच दुर्बिणीपुढे तळहात धरलास. म्हणे डॉक्टर लालबुंद झाला, जर्मनमध्ये काय काय बोलला. परतताना तू मिठाच्या ढेपेकडून गाडी घ्यायला लावलीस. तिकडे काही नाही असं मी लिहिलं असताना. खाली उतरलास, मातीत बसलास, खाच असलेल्या मागावर चार बोटं ठेवलीस आणि बराच वेळ तसाच राहिलास. येरेमिया म्हणाला, मला वाटलं हा प्रार्थना करतोय. माग ताजा होता, त्याच सकाळचा. येरेमिया हे मला सांगत होता तेव्हा माझ्या हातात कणकेचा गोळा होता आणि तो मी किती वेळ मळत होते कोणास ठाऊक.

संध्याकाळी सूप घेऊन आत आले तेव्हा डॉक्टर फ्राउ गुद्रूनला सांगत होता, की उद्याचा एकच दिवस बघेन, नाहीतर दुसऱ्या फार्मवर जाईन, या माणसाला नर आणि मादी कळत नाही. फ्राउ गुद्रून तुझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, आता तू सांगणार. माझी पत्रं तुझ्या खिशातच होती, वरून कडा दिसत होत्या. मी वाटी घेऊन डावीकडे उभी.

तू म्हणालास, "चूक माझी. माग मी वाचायला हवा होता, मी ऐकीव माहितीवर गेलो." मग माझ्या हातातली वाटी काढून घेऊन स्वतःच टेबलावर ठेवलीस. "उद्या आउसी पुढे चालेल. हिच्याइतका माग या भागात कोणी काढत नाही. मला हिनेच शिकवलं. मासिकात मी वडिलांचं नाव घेतलं ते खोटं होतं. बापाने शिकवलं म्हटलं की पाहुण्यांना बरं वाटतं."

डॉक्टरने विचारलं, "ही? स्वयंपाकीण?"

तू म्हणालास, "पाव पण हिचाच आहे."

मी रिकाम्या हातांनी वळले. सगळ्यांना वाटलं, लाजली. मी आत जाऊन स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले. इतकी वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं आणि पहिला विचार काय आला सांगू? की याने हे माझ्याआधी करून टाकलं. याने मला हरवलं.

मी नाही म्हणू शकले असते. किंवा तुम्हाला दिवसभर काट्यांतून फिरवून रिकामी परत आणू शकले असते, तुलाही ते कळलं नसतं. निळ्या आज जिवंत असता. एफ्राइम, मी तुझ्यासाठी गेले नाही. डॉक्टरसाठी नाही, फ्राउ गुद्रूनसाठीही नाही. मला पुढे चालायचं होतं. सहा वर्षं त्याला लपवला आणि चार पावलं पुढे चालायला मिळतात म्हटल्यावर त्यालाच दाखवून दिला. हे मला कोणाला तरी सांगायचं होतं आणि तुझ्याशिवाय कोणाला कळणार.

सकाळचं तुला ठाऊकच आहे. गवतावर दहिवर होतं, माग वाचायला पाटी पुसून ठेवावी तशी जमीन. मिठापासून पूर्वेला, मग वारा फिरायच्या आत वळसा. तू माझ्या मागे आणि डॉक्टर तुझ्या मागे, धापा टाकत. टकटक ऐकू आली तेव्हा मी हात वर केला आणि मागे वळून पाहिलं. डॉक्टर डोळे फाडून झुडपांकडे बघत होता. तू डोळे मिटून उभा होतास, चाळिशीला आलेला माणूस, हॅटसकट, अगदी सहा वर्षांच्या पोरासारखा. मला क्षणभर वाटलं, जवळ जाऊन तुझ्या डोळ्यांवर हात ठेवावा. डॉक्टरसमोर बरं दिसलं नसतं.

एकाच गोळीत गेला. डॉक्टर माणूस कसाही असो, हात चांगला आहे. शिंगं मोजली तर अठ्ठावीस इंच, आणि तो त्या कपाळाच्या पुंजक्यात बोटं घालून रडत होता, इंचाचं नावही काढलं नाही. मी जबडा उघडून दात पाहिले. हिरडीपर्यंत झिजलेले. ऑक्टोबर त्याने पाहिलाच नसता, उपाशी मेला असता आणि तरसांनी खाल्ला असता. हे मी स्वतःला रोज सांगते. खरं आहे म्हणूनच सांगते, पण पुरत नाही.

मग तू डहाळी मोडलीस. एक तुकडा निळ्याच्या तोंडात, एक डॉक्टरला. डॉक्टरने त्यातला तुकडा मोडून सवयीने तुझ्यापुढे धरला. तू बाजूला सरकलास. एवढंच केलंस, बोटही दाखवलं नाहीस. त्याने मला दिला आणि मी घेतला. आणि मग कळेना की ठेवू कुठे. चौदा वर्षांची असल्यापासून हवा होता तो तुकडा आणि माझ्याकडे हॅटच नाही. शेवटी डोक्याच्या फडक्याच्या गाठीत खोचला आणि तसाच ठेवून रात्रीचं सूप वाढलं. फ्राउ गुद्रूनने एक खुर्ची ओढून दिली. मी बसले नाही. उगीच नाही, सूप उतू जात होतं.

आता खरं ते लिहिते, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. तू दुसऱ्या दिवशी दुपारीच ओळखलंस की मी खोटं लिहिलं. पत्रं खिशात होती. तुझा परवाना, तुझं नाव, सगळं त्या टेबलावर पणाला लागलं होतं, आणि तू चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस. मी तुझ्या जागी असते तर पत्रं काढून टेबलावर आपटली असती. तू नाही आपटलीस. परवान्याचा हेवा मला वाटायचा तो आता फारसा वाटत नाही. पण हे तुला जमलं आणि मला जमलं नसतं, याचा इतका हेवा वाटतो की सहा दिवस मला नीट जेवण गेलेलं नाही.

निळ्याच्या मांसाचं बिल्टाँग वाळतंय. छातीजवळची चरबी तुझ्यासाठी वितळवून डब्यात भरलीय, शुक्रवारी या पत्राबरोबर येईल. त्यातली थोडी बाबांच्या कबरीवर ठेवून आले, तू विचारणार म्हणून सांगते.

आणि तू परीक्षेच्या वेळी वाचलेलं ते पुस्तक पाठव. फ्राउ गुद्रून म्हणते, ती माझं नाव नोंदवायला तयार आहे. नवं पुस्तक पाठवू नकोस, तुझंच पाठव, पेन्सिलीच्या खुणा केलेलं. तू कुठे कुठे चुकला होतास ते मला बघायचंय.

तुझी आउसी